पोळ्यापर्यंतचं शिवार: बालवाडीतल्या प्रकल्पाच्या नोंदी

१४ जुलै २०२५, सोमवार

फळ्यावर प्रकल्पाचं नाव लिहिलं: 'आमचं शिवार'. आजपासून पोळ्यापर्यंत, म्हणजे २२ ऑगस्टपर्यंत, चित्र-हस्तकलेचा तास याच विषयाला. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा, म्हणजे लहान मुलांचा पोळा. त्या दिवशी मुलांच्या हातात त्यांनी स्वतः घडवलेले बैल असावेत, एवढंच उद्दिष्ट पालकांना सांगितलंय. मुलं तीन ते सहा वर्षांची, बहुतेक शेतकऱ्यांच्या नाहीतर शेतमजुरांच्या घरची. गाव हिंगणघाट तालुक्यातलं, त्यामुळे शिवारात कापूस, सोयाबीन आणि तूर. ज्वारी नावापुरती.

'शेत' या विषयाच्या तयार कृतिपत्रिका मोबाईलवर ढिगाने मिळतात. काही उघडून पाहिल्या. लाल छपराचं कोठार, गुलाबी डुक्कर, काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांची बिनवशिंडाची गाय. आमच्या मुलांच्या गोठ्यात उभी असते ती गवळाऊ किंवा तिच्यासारखी गावठी: पांढरी-करडी, वशिंडवाली. गवळाऊ तर वर्धा-नागपूरकडचीच जात, ओढकामाला चपळ म्हणून नावाजलेली. कृतिपत्रिका दिली तर मुलं ती रंगवतील, रेषेच्या आतही राहतील, पण घरचा गोठा त्यांना आठवायचा नाही. म्हणून छापील कागद या प्रकल्पात नाहीच.

सुरुवात शेतात हात काय काय करतात तिथून. मदतनीस मावशी सुट्टीत निंदायला जातात, तेव्हा यादी त्यांनीच सांगितली आणि मी लिहून घेतली: पेरणं, टोबणं, निंदणं, डवरणं, खुडणं, वेचणं, झोडपणं, पाखडणं, पेंढी बांधणं. यातलं जे लहान बोटांना मातीत किंवा कागदावर करता येईल ते घ्यायचं. चित्र त्यातून निघालं तर निघालं.

१६ जुलै, बुधवार

साहित्य: पुठ्ठ्याचे मोठे तुकडे (किराणा दुकानातले खोके उलगडून), चाळलेली काळी माती, पाणी, वाटीभर ज्वारी.

माती दह्याइतकी सैल कालवली आणि पुठ्ठ्यावर ओतून दिली. आधी नुसतं फासणं झालं. दोघी-तिघींनी हात लावायलाच नकार दिला. त्यांना जवळ बसू दिलं, आग्रह केला नाही. मग विचारलं, "पेरणी पाहिली का कोणी?" सगळ्यांचे हात वर. पेरणी आटोपून जेमतेम तीन आठवडे झालेत, पाहिलेली असणारच.

"तिफणीला (पेरणीच्या अवजाराला) किती फण असतात?"

"तीन!" हे मोठ्या गटातल्या मुलीने सांगितलं आणि लगेच तीन बोटं ताठ करून मातीतून ओढली. तीन सरळ सऱ्या उमटल्या. बाकीच्यांना सांगावंच लागलं नाही. पाच मिनिटांत प्रत्येक पुठ्ठ्यावर तीन-तीन तासांची शेतं. शेवटाला वळताना तिफण उचलावी लागते हेही त्यांना ठाऊक होतं. बोटं उचलून, हात वळवून, परत खाली. एकजण तोंडाने बैल हाकत होता.

मग ज्वारी. खऱ्या तिफणीच्या चाड्यात, म्हणजे बी सोडायच्या वाटीत, बाई मूठ धरते आणि दाणे एकसारखे सोडत चालते. अंगठा आणि तर्जनीच्या फटीतून दाणा-दाणा सोडणं तीन वर्षांच्या मुलाला फार अवघड. मूठभर एकाच जागी पडतात. "माही माय बराबर सोडते," असं म्हणत एक मुलगा बराच वेळ एकाच सरीत दाणे सोडत राहिला, त्याला उठवलं नाही. पेन्सिल धरण्याआधी बोटांना जी ताकद यावी लागते ती इथे आपोआप येत होती. मात्र त्याची पट्टी-पेन्सिल घेऊन तपासणी करण्यात मला रस नाही.

सुरुवातीला माती नाकारणाऱ्यांतल्या एकीने शेवटी काडीने सऱ्या ओढल्या. चालेल. काडी म्हणजे सरतं (बी पेरायची नळी) समजू.

१७ जुलै, गुरुवार

टोबणी. कापसाच्या शेतात दोरी ताणून ठरावीक अंतरावर सरकी टोबतात, तेच कागदावर: दोन मुलांनी सुतळी ताणून धरायची, तिसऱ्याने गेरूत बुडवलेलं बोट सुतळीच्या प्रत्येक गाठीपाशी टेकवायचं. ठिपक्यांची ओळ तयार झाली की सुतळी पुढे सरकवायची. मोठ्या गटाला आवडलं. धाकट्यांनी सुतळीच रंगवली.

२१ जुलै, सोमवार

आज मुलांबरोबर काम नाही, तयारी. पालकांना निरोप पाठवायचा होता की घरून मूठभर बिया-दाणे आणा. पण तसा मोघम निरोप पाठवणं आपल्या भागात धोक्याचं. घरात पेरणीचं उरलेलं बियाणं पिशवीत असतंच, आणि कंपनीच्या पाकिटातलं बियाणं बुरशीनाशक-कीटकनाशक चोळलेलं असतं. गुलाबी, निळा, हिरवा असा रंग त्यावर मुद्दाम दिलेला असतो, कोणी खाऊ नये म्हणून. नेमका तो रंगच लहान मुलाला खुणावतो. तेव्हा निरोप असा लिहिला: फक्त स्वयंपाकघरातलं धान्य, तेही कीड लागलेलं किंवा निवडून टाकलेलं. पेरणीचं बियाणं नको. एरंडीच्या बिया आणि गुंजा नकोत. दिसायला मोहक, पण दोन्ही विषारी. फवारणीच्या औषधांच्या बाटल्या, झाकणं, डबे कितीही धुतलेले असले तरी नकोत. शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात २०१७ साली फवारणीच्या विषबाधेने शेतकरी-शेतमजूर दगावले, ते इथे अजून कोणी विसरलेलं नाही. त्यामुळे या ओळीवर कुणी हुज्जत घालणार नाही.

तीन वर्षांच्या मुलांना तूर-वाटाण्यासारखे दाणेसुद्धा द्यायचे नाहीत. नाकात किंवा कानात घालतात. त्यांना तुरीच्या वाळक्या शेंगा, कुटार (भुसा), पानं.

डिंकाऐवजी खळ. ज्वारीचं पीठ थंड पाण्यात गुठळी न होता कालवून मंद आचेवर चकाकी येईपर्यंत ढवळायचं. पूर्वी खळीला बुरशी-किडा लागू नये म्हणून मोरचूद घालायचे. ते इथे बाद, मोरचूद विषारी. बिनमोरचुदाची खळ पावसाळ्यात दोन दिवसांत आंबते, म्हणून वाटीभरच शिजवायची आणि संध्याकाळी फेकायची.

२३ जुलै, बुधवार

चिकटकाम. ठराविक आकार काढून दिला नाही, कागदाच्या तळाशी फक्त एक पट्टा खळ फासून दिली. कोणी नुसता बांध केला, कोणी ढीग. एका मुलीने तुरीच्या शेंगा ओळीने उभ्या लावून "हे आमचं कुंपण" असं सांगितलं. कुंपण कशाला विचारलं तर म्हणाली, "डुक्कर येते ना रात्री." कृतिपत्रिकेतलं गुलाबी डुक्कर आणि हिचं डुक्कर यात फारच अंतर आहे.

२८ जुलै, सोमवार

उद्या नागपंचमी. पुठ्ठ्यावरची माती वाळून भेगाळली होती, ती पुन्हा ओली करून दिली. मोठ्या गटातल्या दोघांनी बोटं घालायला नकार दिला: नागपंचमीला जमीन उकरत नाहीत म्हणून. म्हटलं, नागपंचमी उद्या आहे. तरी नाही. मग आज वेटोळी: मातीच्या लांब वळ्या करून नाग, नागाची पिल्लं, आणि एकाचा "वखराचा दोर". वळी वळणं हे बैलाच्या पायांसाठी लागणारंच आहे, तेव्हा तयारी झाली.

३१ जुलै, गुरुवार

भाजीचे छाप. मावशींनी स्वयंपाकातून भेंडीची देठं, कांद्याचा बुडखा, कारल्याचं टोक राखून ठेवलं होतं. भेंडीचं देठ आडवं कापलं की पाच पाकळ्यांचं फूल उमटतं. एका निबर भेंडीत सात घरं निघाली, ती मुलांनी एकमेकांना दाखवत फिरवली. रंग: गेरू आणि खळ.

एक आई न्यायला आली होती, ती दारातच म्हणाली, "खायच्या वस्तूशी खेळ कायले, मॅडम?" तिचं म्हणणं रास्त आहे. ज्या घरात आठवडी बाजाराची भाजी मोजून आणतात तिथल्या मुलासमोर अख्खा बटाटा कापून रंगात बुडवणं मलाही पटत नाही. तिला देठं दाखवली. टाकाऊच होती. ती बसली, आणि कारल्याचं टोक घेऊन तिनेच एक ओळ छापली.

४ ऑगस्ट, सोमवार

बैलांसाठी माती ठरवायची. काळ्या मातीत कपाशी उत्तम येते, मूर्ती नाही. ही माती पाणी पिऊन फुगते आणि वाळताना आकसते. उन्हाळ्यात शेताला हात जाईल एवढ्या भेगा पडतात त्या याचमुळे. बैलालाही पडणार. तपासायला तीन सारखे गोळे केले: एक निव्वळ काळ्या मातीचा, एक काळ्या मातीत वाळू आणि चाळलेली राख मिसळून, एक गावातल्या कुंभारकाकांकडच्या मातीचा. कुंभारकाका त्यांच्या मातीत राख आणि लीद घालतात. लीद कशाला, तर त्यातला बारीक चोथा माती धरून ठेवतो. लिदीऐवजी आपण गव्हाचं कुटार बारीक चुरून वापरू शकतो. सोयाबीनचं कुटार नको, ते बोटांना टोचतं.

सावलीत बारदान्यावर ठेवलेत.

६ ऑगस्ट, बुधवार

निव्वळ काळ्या मातीच्या गोळ्याला आडवी भेग, नखाच्या जाडीची. राख-वाळूच्या गोळ्यावर केसासारख्या रेघा. कुंभारकाकांचा गोळा जसाच्या तसा. ठरलं: निम्मी कुंभारकाकांची माती, निम्मी आपल्या शिवारातली, वर मूठ-दोन मूठ राख आणि चुरलेलं कुटार. सगळीच विकतची माती आणली असती तर काम सोपं झालं असतं, पण "ही आमच्या वावरातली" म्हणून जी मुलं डब्यात माती घेऊन आली त्यांची माती बैलात जायलाच हवी.

७ ऑगस्ट, गुरुवार

धांड्याची, म्हणजे ज्वारीच्या वाळक्या ताटाची, गाडी. एका मुलाचे आजोबा लहानपणी या गाड्या करत, त्यांना बोलावलं होतं. पहिला प्रश्न धांडे आणायचे कुठून. "आता धांडे कुठं, मॅडम? सारं सोयाबीन होऊन गेलं." शेवटी पलीकडच्या गावात एकाने गुरांसाठी ठेवलेल्या कडब्यातून त्यांनीच एक पेंढी मागून आणली. पूर्वी ज्वारी घरोघर होती तेव्हा हे खेळणं फुकट होतं. पीक गेलं तसं तेही गेलं.

त्यांचं काम जवळून पाहण्यासारखं. धांडा घेतला, कांड्यावर कापला. नखाने टोकाची साल उचकटली आणि एका झटक्यात लांब ओढली: ती चोय. आतला पांढरा, हलका, बोटाने दाबला की दबणारा गाभा म्हणजे भेंड. भेंडाचा बोटभर तुकडा हे बैलाचं अंग. चोयीचे छोटे तुकडे खाली टोचले, पाय झाले. एक चोय वाकवून दोन्ही टोकं डोक्यात खुपसली, शिंगं झाली. भेंडाच्या दोन चकत्या, मधून चोय आरपार, चाकं झाली. खिळा नाही, डिंक नाही, दोरा नाही. चोय भेंडात घुसली की घट्ट बसते. दहा मिनिटांत बैलजोडी, जू, दांडी, साटा, सगळं. मुलं चिडीचूप. पहिली गाडी पूर्ण झाली तेव्हा आजोबांनी ती जमिनीवर ठेवून नुसतं फुंकरीने चालवून दाखवली.

साल मात्र पात्यासारखी कापते. म्हणून सोलण्याचं काम आजोबा आणि मी, टोचण्याचं मुलांनी, तेही भिजवून मऊ केलेल्या चोयींनी. धाकट्या गटाला नुसते भेंडाचे तुकडे आणि तुराट्या (तुरीच्या वाळक्या काड्या) दिल्या. त्यांनी साळिंदर केलं.

मुलांनी केलेल्या गाड्या चालल्या नाहीत, चाकं लंबगोल आली. आजोबा दुरुस्त करायला हात पुढे करत होते, त्यांना खुणेने थांबवलं. मुलं त्या गाड्या उचलून "चालवत" होती, कोणाची तक्रार नव्हती.

८ ऑगस्ट, शुक्रवार

पालकसभा. अपेक्षेप्रमाणे प्रश्न आला: नुसती मातीच चालू आहे, अ-आ-ई कधी? वर्धा जिल्ह्यात बसून हा प्रश्न ऐकायला गंमत वाटते. हाताच्या कामातून शिक्षण हा विचार गांधीजींनी १९३७ साली इथल्याच, वर्ध्याच्या परिषदेत मांडला. सेवाग्राम इथून एसटीने जाऊन यावं एवढ्यावर. पण सभेत भाषण केलं नाही. पुठ्ठ्यावरच्या सऱ्या दाखवल्या: डावीकडून उजवीकडे, वरून खाली, उचलून परत डावीकडे. अक्षर लिहिताना हात हेच करतो. एक वडील म्हणाले, "हे तर पेरणीच आहे." हो, तेच.

ताराबाई मोडक आणि अनुताई वाघांनी कोसबाडला आदिवासी मुलांसाठी बालवाड्या चालवल्या तेव्हाही बिया, पानं, माती असलं आजूबाजूचं सामानच साधन म्हणून वापरलं. गुरं चारायला जाणाऱ्या मुलांसाठी तर शाळाच कुरणात नेली, तिचं नाव कुरणशाळा. आपल्याकडे मुलं गुरांमागे जात नाहीत आता. पण सामान अजून तेच मिळतं, फुकट मिळतं.

११ ऑगस्ट, सोमवार

बैल घडवायला सुरुवात.

माती दोन दिवस भिजवून, तुडवून तयार. तुडवायचं काम मुलांनी ओट्यावर पायांनी केलं. आजचा सगळ्यात मोठा आवाज तेव्हाचा. मग प्रत्येकाला त्याच्या मुठीत मावेल एवढा गोळा. मोठा बैल सगळ्यांना हवा असतो, पण जाड माती आतून वाळत नाही आणि फुटते, म्हणून हेच माप.

आधी नमुना दाखवायचा की नाही, यावर मावशींचं आणि माझं थोडं वाजलं. त्यांचं म्हणणं, दाखवल्याशिवाय मुलं करणार कशी. माझं म्हणणं, दाखवला तर सगळ्यांचे बैल माझ्या बैलासारखे होतील, आणि माझा बैल काही फार चांगला नसतो. तोडगा असा निघाला की नमुना म्हणून खरा बैल. शेजारच्या गोठ्यात सगळ्यांना नेलं. मालकांनी बैल बांधून धरला. तिथे नुसतं बघायचं आणि सांगायचं: पाय कुठून निघतात? मान कुठे वाकते? वशिंड कुठे? एकजण म्हणाला, "पोटाखाली लोंबते ते काय?" गळ्याखालची पोळी विचारत होता. ती नंतर त्याच्या बैलाला लागली, बैलापेक्षा मोठी.

परत येऊन काम. मोठ्या गटाला एकच युक्ती सांगितली: पाय वेगळे करून चिकटवू नका, गोळ्यातूनच चिमटीने खाली ओढून काढा. चिकटवलेला पाय वाळताना सुटतो. तरी ज्यांना चिकटवायचाच होता त्यांना दोन्ही बाजू काडीने खरवडून मधे पातळ चिखल लावायला शिकवलं. पायात आधाराला पऱ्हाटीची (कपाशीच्या झाडाची) काडी घालू दिली नाही. माती आकसते, काडी आकसत नाही, मग माती काडीभोवती तडकते. शिंगांसाठी मात्र ओलं असतानाच पेन्सिलीने थोडी सैल भोकं पाडून ठेवली. शिंगं नंतर बसवायची, तुराटीची.

धाकट्या गटात बैल असा झालाच नाही. गोळे, वळ्या, थापट्या. एकीने तीन गोळे एकावर एक ठेवून "बैल बसला" म्हणून जाहीर केलं. बसलेल्या बैलाला पाय दिसत नाहीत, हे बरोबरच आहे.

एका मुलाने बैल केला नाही. त्याच्या घरी बैल नाही, ट्रॅक्टर आहे. "मी ट्रॅक्टर करतो." कर म्हटलं. गावात बैलजोड्या दरवर्षी कमी होताहेत. शेतीचा प्रकल्प म्हणून त्या मुलाच्या घरची शेती खोटी ठरवायची का? त्याने मागचं चाक मोठं आणि पुढचं लहान केलं, सायलेन्सर उभा लावला. त्याने जितकं निरखून पाहिलं होतं तितकं बैलवाल्यांतल्या फार थोड्यांनी पाहिलं होतं.

१३ ऑगस्ट, बुधवार

वाळवण. बैल फरशीवर ठेवले नाहीत. गुळगुळीत फरशीला पाय चिकटतात, माती आकसायला लागली की चारही पाय जागच्या जागी ओढले जातात आणि मांडीपाशी तडकतात. वाळूच्या पातळ थरावर ठेवलेत. हवा दमट, सरी चालूच, त्यामुळे रोज कूस बदलायची. हे काम मुलांकडे. "बैलाले दुसरीकडून झोपव" असं एकमेकांना बजावतात.

कोणी तरी डोळे म्हणून ज्वारीचे दाणे ओल्या मातीत दाबले होते. आज त्यातल्या एका डोळ्याला मोड आला. दिवसभर तोच बैल पाहायला गर्दी. बैलवाली म्हणते, वाढू द्या.

१८ ऑगस्ट, सोमवार

बैल वाळलेत. तडकलेले आहेत काही. पातळ चिखल भरून बुजवले, एकाचा पाय सुटला तो खळीने लावला. मोड आलेला डोळा वाळून पिवळा पडला, मुलीने तो काढून टाकला आणि जागी खड्डाच ठेवला.

रंग. भाजलेले नसल्यामुळे हे बैल पाण्याने विरघळतात, म्हणून पातळ रंग नको. घट्ट खळीत कालवलेले रंग, ब्रशाऐवजी कापडाच्या बोळ्याने टिपायचे: पांढऱ्याला तांदळाचं पीठ, लालला गेरू, काळ्याला कोळशाची पूड, पिवळ्याला हळद. हळदीची एक जादू करून दाखवली: हळदीच्या खळीत साबणाचं पाणी टाकलं की ती तांबडी होते. कुंकू याच तऱ्हेने हळद आणि चुन्यापासून करतात, पण चुना डोळ्यांना घातक, म्हणून साबण. मुलांनी मग सगळी हळद तांबडी करून टाकली आणि पिवळा रंग संपला.

शिंगांना पूर्वी हिंगूळ लावत, आता तैलरंग. हिंगुळात पारा असतो, तैलरंग हाताचा निघत नाही. दोन्ही नको. गेरू लावला.

२० ऑगस्ट, बुधवार

साज. तुराटीची शिंगं खळीने बसवली. शेपट्या अंबाडीच्या वाखाच्या, टोकाला पिंजून गोंडा. एकाने विचारलं, शेपूट कशाला एवढी लांब? दुसऱ्याने उत्तर दिलं, "माश्या हाकलाले." झुली जुन्या लुगड्याच्या काठाच्या. काठ दिला एका मुलीच्या आजीने, आणि कापताना स्वतः बाजूला बसून राहिली. घुंगरमाळ म्हणून दोऱ्यात ओवलेले मक्याचे दाणे, आदल्या रात्री भिजवून मऊ केलेले. ओवायची सुई बोथट, प्लास्टिकची. चार वर्षांच्यांनी सहा-सात दाणे ओवले, पाच वर्षांच्यांनी गळ्यात दोन फेरे होतील एवढे.

बाजारातून चमकी आणि सोनेरी कागद आणू का, असं दोघा पालकांनी विचारलं. घरी लावा म्हटलं. इथे नको.

ट्रॅक्टरलाही झूल हवी होती. मिळाली.

२१ ऑगस्ट, गुरुवार

आज खांदशेकणी. संध्याकाळी घरोघर बैलांच्या मानेला हळद-तूप चोळतील, "आज आवतन घ्या, उद्या जेवायला या" म्हणतील. मुलांनी दुपारीच आपल्या बैलांना आवतन देऊन टाकलं. ओलं काही चोळू नका एवढं मात्र तीनदा सांगावं लागलं, नाहीतर रंग गेला असता.

उद्या पोळा, बालवाडीला सुट्टी.

२३ ऑगस्ट, शनिवार

तान्हा पोळा. हा सण दुसऱ्या रघुजी भोसल्यांनी १८०६ साली नागपुरात सुरू केला असं सांगतात. मोठ्यांच्या पोळ्यात लहानांना बैल धरता येत नाही, म्हणून त्यांच्यासाठी लाकडी नंदी. गावात आज चाकांचे नंदी रस्त्याने खडखडत होते, काही मुलांच्या कमरेपेक्षा उंच. सजावटीची स्पर्धाही होती, थर्माकोलची मखरं, दिव्यांच्या माळा. त्यात आमचे मुठीएवढे मातीचे बैल. दोरीने ओढले तर फुटतील, म्हणून सुपात ठेवून दोघांनी मिळून एक सूप धरायचं असं ठरलं. देवळासमोर आंब्याच्या पानांचं तोरण मुलांनीच ओवलेलं. झडत्या, म्हणजे पोळ्याची गाणी, म्हणायला धांड्यांच्या गाडीवाले आजोबा उभे राहिले. मुलं प्रत्येक झडतीनंतर ओरडत होती, अर्थ कळो न कळो.

स्पर्धेच्या एका परीक्षकांनी आमच्या सुपांकडे पाहून विचारलं, "यातला सर्वांत चांगला कोणता?" मुलांनी एकदम वेगवेगळे बैल दाखवले. आम्ही स्पर्धेत नव्हतो, तेव्हा विषय तिथेच मिटला. मग घरोघरी फिरून बोजारा, म्हणजे पोळ्याची बक्षिसी. ट्रॅक्टरवाल्याला जास्त मिळाला. लोकांना ट्रॅक्टरची झूल बघून हसू आवरत नव्हतं.

दोन बैल वाटेत फुटले. एकाचा मालक रडला, दुसऱ्याचा नाही. तो म्हणाला, "मेला." आणि तुकडे खिशात घातले.

२५ ऑगस्ट, सोमवार

आवराआवर. ज्यांना बैल घरी न्यायचे होते त्यांनी नेले. उरलेले आणि फुटलेले बादलीत भिजत घातले. खळ, पीठ, गेरू यांनी मातीचं काही बिघडत नाही, पण वाख आणि दोरे काढून घ्यायला हवेत. हे काम मुलांना फारच आवडलं. कोरडा बैल पाण्यात सोडला की बुडबुडे येतात, आणि बघता बघता पाय गळतात. गणपतीला दोन दिवस राहिलेत. हीच माती आता उंदरांना.

पुढच्या टप्प्यासाठी टिपून ठेवते. कापूस फुटला की पहिल्या वेचणीआधी सीतादही ही पूजा करतात, त्या दिवशी मुलांना एखाद्या वावरात न्यायचं: बोंड हाताने फोडणं, सरकी वेगळी करणं, सूत काढायचे पेळू वळणं. पत्रावळ लावायला पळसाची पानं चालतील, शिवायच्या काड्या मात्र बोथट करून घ्याव्या लागतील. प्लास्टिकच्या सुया आणखी हव्यात. कुंभारकाकांना मातीचे पैसे द्यायचे राहिलेत, ते या आठवड्यात. तुराट्या जानेवारीत तूर निघाली की मिळतात, पण आठवडाभरात चुलीत जातात. त्यासाठी दोन घरी आत्ताच सांगून ठेवलंय.